लठ्ठपणावर माहितीपट करताय? या चुका टाळा

दरवर्षी जानेवारी उजाडला की मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाची मुलं माहितीपटाचा रफ कट, म्हणजे कच्चं संपादन, घेऊन माझ्याकडे येतात. कचरा, मोबाइलचं व्यसन हे विषय नेहमीचेच. गेली काही वर्षं त्यात लठ्ठपणाची भर पडली आहे. त्यावरच्या फिल्मची पहिली वीस सेकंदं मी आता न बघताही सांगू शकते. गर्दीचा रस्ता, गळ्याखाली कापलेली जाड माणसं, पाठमोरी, स्लो मोशनमध्ये. मग कढईत सोडलेला वडा. आणि वरून आवाज येतो, "आजच्या धकाधकीच्या जीवनात..."

सगळ्यात मोठी चूक याच वीस सेकंदांत होते, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू.

चेहरा दाखवला नाही म्हणजे कुणाला त्रास नाही, असं मुलांना मनापासून वाटतं. ब्रिटनमधल्या लेखिका शार्लट कूपर यांनी २००७ मध्येच बातम्यांमधल्या अशा शीर नसलेल्या छायाचित्रांवर बोट ठेवलं होतं. डोकं कापलं की माणूस उरत नाही, नुसतं पोट उरतं, आणि पोटाला कुणी काही विचारत नाही. शिवाय ओळख पटायची ती पटतेच. एका गटाने रेल्वेच्या पुलावर असाच शॉट घेतला होता. वर्गात तो लावला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून बाहेर गेली. पडद्यावर तिची आत्या होती. साडी ओळखीची होती आणि खांद्यावरची निळी पिशवी तर या मुलीनेच तिला वाढदिवसाला दिली होती.

असे शॉट आधीच घेतले असतील तर ते टाइमलाइनवरून काढून टाका. ब्लर करून ठेवू नका, ब्लर केल्याने गुन्हेगाराचं चित्र वाटतं. पर्यायी दृश्यं हवी असतील तर वर्ल्ड ओबेसिटी फेडरेशनची छायाचित्रांची मोफत पेढी आहे. त्यात लठ्ठ माणसं चेहऱ्यासकट, काम करताना, स्वयंपाक करताना, चालताना दिसतात. पण त्यातले बरेचसे चेहरे परदेशी आहेत. त्यापेक्षा फिल्ममध्ये बोलणाऱ्या तुमच्याच माणसांचं रोजचं जगणं त्यांना विचारून टिपा. दुकानाचं शटर उघडताना, वह्या तपासताना, नातवाची वेणी घालताना.

खुर्ची

या गोष्टीवर कुणी चार ओळीही लिहीत नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

एका शूटला मी मुलांबरोबर गेले होते. मुलाखत एका शाळेतल्या बाईंची. मुलांनी लाइट लावले, मागचं कपाट आवरलं, पार्श्वभूमीला कुंडी ठेवली आणि मधोमध घरातली प्लास्टिकची हातांची खुर्ची मांडली. बाई आल्या, खुर्चीजवळ थांबल्या, तिच्या हातावरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "मी उभ्यानेच बोलते, चालेल ना?" मुलांना वाटलं, बाई लाजताहेत. कॅमेऱ्यावरचा मुलगा ट्रायपॉड वर करायलाही लागला. मी त्याला बाजूला घेतलं आणि आम्ही व्हरांड्यातला लाकडी बाक आत आणला. बाई बसल्या, पदर सारखा केला आणि चाळीस मिनिटं बोलल्या. ब्लाउजचं माप घेताना शिंपी आकडा मोठ्याने ओरडून आतल्या माणसाला सांगतो आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघतात, हे त्यांनी सांगितलं. म्हणून तीस वर्षं त्या एकाच जुन्या ब्लाउजवरून नवे शिवून घेत आल्या. प्रत्येक वेळी शिवण थोडी उसवून द्यायची. ती फिल्म त्या शिवणीवर उभी राहिली.

उभ्याने मुलाखत घेतली असती तर दहा मिनिटांत आटपली असती. म्हणून रेकीला, म्हणजे शूटआधी जागा पाहायला, जाल तेव्हा बसायची जागा बघा. बिनहातांची, मजबूत खुर्ची किंवा बाक हवा. जिने किती आहेत, लिफ्ट चालू आहे का, हेही बघा. तीन मजले चढून आलेल्या माणसाला लगेच माइक लावला की त्याची धाप रेकॉर्ड होते, आणि एडिटला बसलेला कुणीतरी तीच धाप 'इफेक्ट' म्हणून ठेवतो. असं करू नका. पाणी द्या, पंधरा मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारा, मग रेकॉर्डिंग सुरू करा.

लेन्सचंही तसंच. मोबाइलचा वाइड कॅमेरा जवळून वापरला की फ्रेमच्या कडेची प्रत्येक गोष्ट ताणली जाते आणि माणूस आहे त्याहून रुंद दिसतो. दोन पावलं मागे या, टू एक्स लेन्स लावा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. खालून वर बघणारा कॅमेरा हनुवटी आणि पोट मोठं करतो. हे मुद्दाम करणारे दिग्दर्शकही मी पाहिले आहेत आणि त्याबद्दल मला राग आहे.

आकडे

मुलं नेटवर शोधतात, अमेरिकेचे आकडे सापडतात आणि ते दादरच्या फुटपाथच्या दृश्यावर चिकटवतात. आपल्याकडचे आकडे उपलब्ध आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुषांचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ किंवा त्याहून जास्त निघाला. त्याच सर्वेक्षणात १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा कमी वजनाचे होते. दुसरा आकडा गाळून पहिला वापरणं हा अर्धा देश गाळण्यासारखा प्रकार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात लठ्ठपणाचं प्रमाण २८.६ टक्के आणि पोटाच्या लठ्ठपणाचं ३९.५ टक्के आहे. दोन्ही पाहण्यांचे आकडे एकाच फिल्ममध्ये आले तर प्रेक्षक गोंधळतो, कारण पहिल्यात १५ ते ४९ वयोगट मोजला आहे आणि दुसऱ्यात २० वर्षांवरचे सगळे. एकच निवडा आणि पडद्यावर वयोगट लिहा.

बीएमआयची सीमारेषाही तपासा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी हीच रेषा २३ आणि २५ वर आणली आहे. एक मीटर साठ सेंटिमीटर उंची आणि सत्तर किलो वजन असलेल्या माणसाचा बीएमआय २७.३ येतो. पहिल्या तक्त्यात त्याचं वजन फक्त जास्त ठरतं, दुसऱ्यात तो लठ्ठ ठरतो. तुमच्या डॉक्टरांनी एक रेषा सांगितली आणि ग्राफिकमध्ये दुसरी असली तर परीक्षक तिथेच थांबवतो.

मुळात हे गणित बेल्जियमच्या ॲडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात मांडलं, आणि ते होते संख्याशास्त्रज्ञ. एकेका रुग्णाचं निदान करण्यासाठी त्यांनी ते केलंच नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही नुसत्या बीएमआयवर निदान करू नका, कंबरेचा घेर किंवा चरबीचं मोजमापही बघा, असं सांगितलं. भारतीय पुरुषांसाठी घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० धरतात.

आणि हे सगळं एका चित्रात दाखवायचं असेल तर परदेशात शोधत बसू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांच्या अभ्यासातही याज्ञिकांच्या गटाला असंच दिसलं. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा आपली बाळं वजनाने बरीच कमी, तरी अंगावरची चरबी त्या मानाने टिकून. 'बाळसं धरलंय' म्हणून कौतुक करणाऱ्या आपल्या घरांमध्ये ही गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती मराठीत सांगणारी विद्यार्थ्यांची फिल्म मी अजून पाहिलेली नाही.

"कमी खा, चाला"

बहुतेक स्क्रिप्ट इथेच संपतात. व्यायाम आणि खाणं महत्त्वाचं आहेच. पण वजनात आनुवंशिकतेचा वाटा बहुतेक अभ्यासांत ४० ते ७० टक्के निघतो. स्टेरॉइड आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी वजन वाढतं. रात्रपाळी आणि अपुरी झोप यांचाही हात असतो. हे सोडून दिलं की फिल्म आपोआप 'आळशी माणसांची गोष्ट' होते आणि मुलाखत दिलेल्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

वडापावलाही जरा मोकळं सोडा. दुपारी चारला डिलिव्हरीच्या मधल्या वेळात गाडीवर बसून वडापाव खाणाऱ्या पोराला परवडणारं आणि पोट भरणारं दुसरं काय मिळतं, हे त्याला विचारा. मग दृश्याचा अर्थ बदलतो.

महिनाभर फक्त वडापाव खाऊन स्वतःवर प्रयोग करायची कल्पना दर दोन वर्षांनी कुणीतरी आणतं. महिनाभर फक्त मॅकडॉनल्ड्सचं खाण्यावरची 'सुपर साइज मी' (२००४) ही अमेरिकी फिल्म डोक्यात असते. त्यातल्या दिग्दर्शकाने तीस दिवसांत सुमारे ११ किलो वजन वाढवलं. पण २०१७ मध्ये त्यानेच कबूल केलं की गेल्या तीस वर्षांत आठवडाभराच्या वर तो दारूशिवाय राहिलेला नव्हता. मग फिल्ममधल्या यकृताच्या रिपोर्टचं काय करायचं? एका माणसावरच्या प्रयोगातून काही सिद्ध होत नाही, आणि बिघडते ती तुमची तब्येत.

त्यापेक्षा एक साधं काम करा. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या नियमांनुसार शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायला मनाई आहे. मोजायचा टेप आणा. एक जण फाटकापाशी टोक धरून उभा राहील, दुसरा टेप घेऊन चालत जाईल. वाटेत काय काय टांगलंय ते कॅमेरा टिपेल. निवेदनाची गरजच पडणार नाही. फक्त टपरीवाल्याला खलनायक करू नका. त्याला हा नियम कुणी सांगितला होता का, हे विचारा. शाळेतली मुलं फ्रेममध्ये येणार असतील तर पालकांची लेखी परवानगी हवी, आणि मुलाने होकार दिला तरच. वर्गासमोर वजनकाट्यावर उभं करणं तर अजिबात नको.

मराठी फिल्ममध्ये आणखी एक खड्डा हमखास येतो. दिवसातून दोनदाच जेवा सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित की दर दोन-तीन तासांनी थोडं खा सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर, हा वाद घराघरांत झाला आहे. चार जणांना विचारलं की चौघंही त्यावरच बोलतात आणि तुमचा विषय हातातून जातो. डाएट हा विषय असेल तर त्याची वेगळी फिल्म करा.

डॉक्टर निवडताना

मुलाखत पटकन कोण देतं? ज्याला गिऱ्हाईक हवं असतं तो. एका गटाची पाच मिनिटं एका स्लिमिंग सेंटरच्या भिंतीसमोर गेली होती, मागे फोन नंबरसकट. औषधं आणि जादूई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे, त्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचं नाव आहे. 'या औषधाने लठ्ठपणा बरा होतो' असं वाक्य तुमच्या फिल्ममध्ये कुणी बोललं तर ते कापा. टिर्झेपटाइडसारखी वजन कमी करणारी इंजेक्शनं २०२५ पासून भारतात मिळू लागली आहेत, त्याबद्दल विचारायचं असेल तर विक्रीशी संबंध नसलेल्या डॉक्टरांना विचारा. सरकारी रुग्णालयातला किंवा वैद्यकीय महाविद्यालयातला माणूस मिळायला वेळ लागतो, म्हणून पत्र महिनाभर आधी द्या.

शिबिरात रक्तदाब मोजण्याचं दृश्य घेत असाल तर कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, बघा. जाड दंडाला छोटा कफ लावला की आकडा खोटाच जास्त येतो. मोठा कफ मागून घ्या.

शब्द आणि आवाज

'विळखा', 'राक्षस', 'शिकार' हे शब्द निवेदनातून काढा. समोरचा माणूस स्वतःला काय म्हणतो ते विचारा. तो 'मी जाड आहे' म्हणाला तर ते त्याच्या तोंडी राहू द्या, निवेदकाने उचलू नये. आणि "तुम्हाला कधी अपमान वाटला का?" हा प्रश्न नको. "सकाळी उठल्यापासून सांगा" म्हणा. रिक्षात चौथी सीट, बसमधलं वळून बघणं, लग्नातलं "जरा कमी घे गं", सगळं आपोआप येतं.

तांत्रिक चुका झाल्याच असतील तर थोडक्यात: ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवून पुन्हा घ्या, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. पंखा आणि फ्रिज शूटपुरते बंद करा. आवाज चित्राच्या पुढेमागे सरकत असेल तर मोबाइलची क्लिप आधी स्थिर फ्रेमरेटला कन्व्हर्ट करा. प्रत्येक खोलीतली तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा, कट झाकायला तीच उपयोगी पडते.

फिल्म कॉलेजात देण्याच्या आठवडाभर आधी ती मुलाखत देणाऱ्यांना दाखवा. आदल्या रात्री दाखवली तर बदल करायला वेळच नसतो आणि मग "आता राहू दे" होतं. त्या शाळेतल्या बाईंना रफ कट दाखवला तेव्हा त्यांनी एकच शॉट काढायला सांगितला, रिक्षातून उतरतानाचा. मुलांना तो आवडला होता, उजेड छान होता. त्यांनी तो काढला आणि तिथे शिवणीचा क्लोजअप लावला.