अमेरिकेत ऑनलाइन जाहिरात देऊन बंदूक विकताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींपैकी काही जणांकडे आता बंदूक असते, कुणाला शूटिंग रेंजवर जायची आवड, कुणी घराच्या सुरक्षेसाठी घेतलेली, आणि मग कधीतरी ती विकायची वेळ येते, मुलं रांगायला लागली म्हणून किंवा कायमचं भारतात परतायचं ठरलं म्हणून. क्रेगलिस्ट आणि ईबेवर बंदूक चालत नाही, फेसबुकने २०१६ मध्ये खाजगी विक्री बंद केली, म्हणून लोक आर्म्सलिस्टसारख्या साइटवर जातात आणि जुना सोफा विकावा तशी सगळी माहिती टाकून मोकळे होतात. सोफा कुठल्या घरात आहे हे कळलं तर कुणाचं काही बिघडत नाही, पण बंदूक कुठल्या घरात आहे ही चोराच्या उपयोगाची माहिती आहे.

नेहमीचा मोबाईल नंबर देणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. इथे नंबरवरून नाव आणि पत्ता काढून देणाऱ्या साइट्स ढिगाने आहेत, शिवाय बऱ्याच काउंटींचं प्रॉपर्टी टॅक्सचं रेकॉर्ड ऑनलाइन उघडं असतं, नाव टाकलं की घर समोर. त्यात आपली आडनावं इथे पटकन उठून दिसतात, स्मिथ शंभर सापडतील पण तुमच्या आडनावाचं अख्ख्या काउंटीत एकच घर असू शकतं. त्यामुळे गूगल व्हॉइसवर, म्हणजे गूगलच्या फोन नंबर देणाऱ्या सेवेवर, वेगळा नंबर घ्या, वेगळा ईमेल काढा, आणि युजरनेम असं ठेवा की जे तुम्ही दुसरीकडे कुठेच वापरलेलं नाही.

नंबर आधीच टाकून झाला असेल तर अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. “तू खरा माणूस आहेस का बघायला एक कोड पाठवलाय, तो सांग” असा मेसेज हमखास येतो. तो सहा आकडी कोड दिलात की समोरचा तुमच्या मोबाईलच्या आधारावर स्वतःसाठी गूगल व्हॉइस नंबर उघडतो आणि पुढे त्यावरून दुसऱ्यांना फसवतो. कोड देऊन बसला असाल तर घाबरू नका, स्वतःचं गूगल व्हॉइस खातं उघडून त्याला आपला मोबाईल जोडा म्हणजे त्याच्याकडची जोडणी सुटते.

फोटो

फोनने काढलेल्या फोटोत लोकेशन लपलेलं असतं. बऱ्याच साइट्स अपलोड करताना ते काढून टाकतात, पण गिऱ्हाईक “अजून फोटो पाठव” म्हणतं आणि आपण थेट ईमेलने पाठवतो, तिथे ते तसंच जातं. आयफोनवर शेअर करताना वर ऑप्शन्स असतात त्यात लोकेशन बंद करता येतं, नाहीतर सरळ फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवा. मागे काय दिसतंय तेही बघा, टेबलावरचं पत्र, गाडीची नंबर प्लेट, खिडकीतून दिसणारं समोरचं घर, मराठीत नाव लिहिलेली पाटी. साधी चादर अंथरून त्यावर फोटो काढला की काम झालं. सीरियल नंबर झाकूनच टाका, तुमच्या फोटोवर खोटी जाहिरात करणाऱ्याला नंबरसकट फोटो मिळाला तर तो जास्त खरा वाटतो, ज्याला खरंच घ्यायचंय तो दुकानात प्रत्यक्ष बघेल. स्वतःच्या वहीत मात्र तो लिहून ठेवा.

“मूव्हिंग टू इंडिया, सगळं विकायचंय”

हे वाक्य बंदुकीच्या जाहिरातीत अजिबात नको, घरात शस्त्र आहे आणि घर लवकरच रिकामं होणार आहे असं दोन्ही एकदम सांगून टाकता तुम्ही. तिजोरी पण विकायची आहे, चार बंदुका अजून आहेत, हेही लिहू नका.

आणि कृपा करून मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथे शेकडो लोक असतात, तुमचा नंबर, घर, मुलांची शाळा सगळं सगळ्यांना माहीत असतं. त्यात ग्रुपमधले बरेच जण एच-१बी किंवा एफ-१ वर असतात, आणि अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही ठेवता येत नाहीत, वैध शिकारीचं लायसन्स असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. माहीत असून त्यांना विकणं हा विकणाऱ्याचाही गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्याची गोष्ट वेगळी. ओळखीचाच आहे म्हणून विचारायचं राहून जातं, आणि एखाद्या चांगल्या मुलाचं अख्खं इमिग्रेशन त्यात अडकू शकतं, याची मला खरंच काळजी वाटते.

प्रायव्हसी म्हणजे कागदच नको, असं समजणं

टेक्ससमध्ये त्याच राज्यातल्या दोन खाजगी माणसांच्या व्यवहाराला बॅकग्राउंड चेक, म्हणजे घेणाऱ्याला कायद्याने बंदूक घेता येते का याची सरकारी तपासणी, सक्तीचा नाही, मग काही जण पार्किंग लॉटमध्ये कॅश घेऊन, नावगाव न विचारता बंदूक देऊन येतात आणि त्यांना वाटतं आपण सेफ. उलट आहे. उद्या ती बंदूक गुन्ह्यात सापडली की एटीएफ या बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल संस्थेचं वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गचं ट्रेसिंग सेंटर सीरियल नंबरवरून आधी कंपनीकडे, मग होलसेलरकडे, मग दुकानाकडे जातं आणि दुकानातून पहिल्यांदा विकत घेणाऱ्याचं नाव काढतं. तुम्ही दुकानातून नवी घेतली असेल तर ते नाव तुमचं आहे, आणि पुढे कुणाला दिली हे सांगायला तुमच्याकडे काहीच नाही.

दुसरं टोक म्हणजे समोरच्याने मागितला म्हणून ड्रायव्हर लायसन्सचा फोटो पाठवणं, भेट होण्याआधीच. तेवढ्यावर ओळखीची चोरी होऊ शकते. ज्यांना विक्रीची चिठ्ठी करायची आहे ते त्या बिल ऑफ सेलवर एकमेकांचा पत्ता, लायसन्स नंबर सगळं लिहितात, म्हणजे अनोळखी माणसाच्या खिशात तुमच्या घराचा पत्ता.

या दोन्हींवर उपाय एकच, बंदुका विकायचं फेडरल लायसन्स असलेल्या डीलरकडून, म्हणजे एफएफएल दुकानातून ट्रान्सफर करा. बहुतेक ठिकाणी २५ ते ५० डॉलर घेतात. घेणारा तिथे फॉर्म ४४७३ हा बंदूक घेतानाचा फेडरल फॉर्म भरतो, त्याचा बॅकग्राउंड चेक होतो, तुमचं नाव-पत्ता डीलरच्या रजिस्टरमध्ये जातं पण घेणाऱ्याला ते द्यावं लागत नाही, आणि भेट दिवसाढवळ्या कॅमेऱ्याखाली होते, घरी बोलवायचा प्रश्नच येत नाही. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा राज्यांत खाजगी विक्रीलाही बॅकग्राउंड चेक लागतोच, आणि घेणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर फेडरल कायद्यानेच डीलरमार्फत जावं लागतं. जो गिऱ्हाईक दुकानात यायला नाही म्हणतो त्याला विकू नका, तो कितीही जास्त पैसे देत असला तरी.

विकून झाल्यावर जाहिरात फक्त “सोल्ड” करून ठेवू नका, डिलीट करा, फोटोसकट. काही दिवसांनी स्वतःचेच फोटो गूगलच्या इमेज सर्चमध्ये टाकून बघा, दुसऱ्या शहरात कुणी तेच लावून ॲडव्हान्स उकळत असेल तर त्या साइटला लगेच रिपोर्ट करा. आणि डीलरची पावती, तारीख आणि सीरियल नंबर जपून ठेवा, भारतात परत जाणार असाल तरी स्कॅन करून सोबत न्या.