रिलेतला चेंजओव्हर फास्ट कसा करायचा

पोरं रिलेसाठी पोहतात भरपूर पण चेंजओव्हर (येणारा भिंतीला टच करतो आणि पुढचा स्टार्टिंग ब्लॉकवरून उडी मारतो ती अदलाबदल) मीटच्या म्हणजे स्पर्धेच्या आदल्या दिवशी दोन-चार वेळा करून बघतात, मग रेसमध्ये एकजण लवकर उडी मारून अख्खी टीम बाद करतो नाहीतर सगळे घाबरून ब्लॉकवर चिकटून बसतात. सिग्नलवर स्टार्ट घेताना पाय सुटायला 0.6-0.7 सेकंद जातात, रिलेत समोरचा येताना दिसतो म्हणून तेच 0.2च्या आत आणता येतं. 2008 ला बीजिंगमध्ये 4×100 फ्रीस्टाइलचं गोल्ड अमेरिकेने फ्रान्सकडून 0.08 सेकंदाने हिसकावलं, आणि एका रिलेत चेंजओव्हर तीन असतात, करा हिशोब.

आधी येणाऱ्याला सुधारा, निम्मा घोळ त्याचाच असतो. फ्लॅग (पूलवर आडवी टांगलेली झेंड्यांची दोरी) भिंतीपासून 5 मीटरवर, तिथून पुढे श्वास घ्यायचा नाही, ग्लाइड म्हणजे हात न मारता नुसतं सरकत येणं तर अजिबात नाही. शेवटी एक्स्ट्रा छोटा स्ट्रोक घुसवला की ब्लॉकवरच्याचं टायमिंग गेलंच. बॅकस्ट्रोकवाल्याला भिंत दिसत नाही, त्याने फ्लॅगपासून किती हात लागतात ते रेसच्या स्पीडला मोजून पाठ करायचं.

आता ब्लॉकवरचा. बोटं कडेला रोवायची, हात पुढे करून येणाऱ्याच्या डोक्याचा माग धरायचा. फ्रीस्टाइलला डोकं तळाच्या टी मार्कवर आलं (लेनच्या काळ्या पट्ट्याच्या टोकाची आडवी रेघ, भिंतीपासून 2 मीटर) की साधारण तिथे हात गोल फिरवायला सुरुवात, टच होतो तेव्हा अंग पूर्ण पुढे गेलेलं आणि फक्त पायाची बोटं ब्लॉकवर. नियम पायाचा आहे, टचच्या आधी पाय सुटला की बाद, हात कितीही हलवा. पाऊल टाकत घ्यायचा स्टार्ट दिसतो भारी पण साधा पक्का होईपर्यंत त्याच्या नादी लागू नका.

चेक करायला मोबाईल पुरे. बाजूने सेकंदाला 240 फ्रेमच्या स्लोमोवर शूट करायचं, भिंत आणि ब्लॉक दोन्ही फ्रेममध्ये, टचपासून पाय सुटेपर्यंत फ्रेम मोजायच्या, 24 फ्रेम म्हणजे 0.1 सेकंद. आपल्याकडे बऱ्याच मीटला टचपॅड (भिंतीवरची टच नोंदवणारी पाटी) नसतो, जज डोळ्याने बघतो, त्यामुळे 0.1 ते 0.2 मध्ये राहा, शून्याच्या मागे लागलात तर जजला लवकरच दिसणार.

आणि हे सगळं दमलेल्या पार्टनरसोबत, सेट संपल्यावर करा, कारण ताज्या दमाच्या माणसाचा शेवटचा स्ट्रोक आणि 90 मीटर मारून आलेल्याचा शेवटचा स्ट्रोक यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. रिलेची ऑर्डर बदलली की जोडीही बदलते, मग टायमिंग परत पहिल्यापासून बसवायचं.