आधी फूटपट्टी, मग बॅगा: मोटरहोमने नॅशनल पार्क फिरण्याची तयारी

मोटरहोमच्या, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या, सहलीची यादी करायला बसलं की हात आपोआप कपडे आणि खाण्याच्या वस्तू लिहायला लागतो. आमचंही तसंच झालं होतं. वहीची अडीच पानं भरली आणि गाडी किती फुटांची हे त्यात कुठेच नव्हतं. अमेरिकेच्या पश्चिमेकडची पार्कं फिरायची असतील तर तो आकडा पहिल्या ओळीत हवा. कोणत्या रस्त्याने जायचं, रात्री कुठे थांबायचं, कुठून परत फिरावं लागेल, हे सगळं त्यावर ठरतं.

चौघांच्या कुटुंबाला २५ फुटांच्या आसपासची क्लास सी पुरते. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती ही गाडी. त्या माळ्यावर कोण झोपणार यावरून मुलांची भांडणं होणार, तेव्हा पाळी घरूनच लावून न्या. ३० फुटी गाडीत जागा ऐसपैस मिळते, म्हणून मोह होतो. तो आवरा. पाच फुटांचं सुख झोपताना मिळतं, त्याचा ताप मात्र दिवसभर पार्किंग शोधताना होतो.

लांबी ठरली की नकाशा उघडा. मोंटानातल्या ग्लेशिअर पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला मनाई आहे, आणि रुंदी मोजताना आरसेही धरतात. म्हणजे भाड्याची बहुतेक मोटरहोम बाद. तिथे गाडी खालीच ठेवून जुन्या लाल बसमधून वर जायचं, आणि त्या बसची तिकिटंही आधीच काढायची. कॅलिफोर्नियातल्या सिक्वोया पार्कला दक्षिणेकडून चढणाऱ्या जनरल्स हायवेच्या वळणांवर २२ फुटांपेक्षा लांब गाडी आणू नका असं पार्कच सांगतं. फ्रेस्नोकडून येणारा १८० नंबरचा रस्ता त्या मानाने सरळ आहे.

सगळ्यात जास्त घोळ युटातल्या झायन पार्कच्या बोगद्याचा. १९३० साली खुला झालेला हा १.१ मैलांचा बोगदा कमानीसारखा आहे, त्यामुळे उंच गाडी कडेने गेली की छत घासतं. इतकी वर्षं पार्कचे लोक समोरची वाहतूक थांबवून मोटरहोम मधोमध सोडत. आता जून २०२६ पासून ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाड्यांना ती वाट बंद करण्याचं पार्कने ठरवलं आहे, आणि छतावरचा एसी धरून मोटरहोम सहज १२ फुटांच्या घरात जातं. तेव्हा झायनहून ब्राइस कॅन्यनला जाताना इंटरस्टेट १५ कडून वळसा धरून वेळ मांडा. कुणाच्या तरी दहा वर्षांपूर्वीच्या सहलीवरून मार्ग आखू नका. फोनमधल्या नकाशालाही तुमची उंची माहीत नसते. ती एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. पेट्रोल पंपाचं किंवा हॉटेलच्या दाराचं छत समोर आलं की तो कागदच उपयोगी पडतो.

भाड्याचा करार मार्ग पक्का करण्याआधी वाचा. कच्च्या रस्त्यांना आणि भर उन्हाळ्यात डेथ व्हॅलीला त्यात बहुधा मनाई असते. मैलांचे पैसे वेगळे, जनरेटरच्या तासांचे वेगळे, अंथरुणं-पांघरुणं आणि भांड्यांचा संच वेगळा, असं सगळं जोडत गेलं की खरा आकडा दिसतो. त्यात इंधन धरा. ही गाडी एका गॅलनमध्ये ८ ते १० मैल जाते, म्हणजे लिटरला जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर.

पार्कमधल्या मुक्कामाचं बुकिंग हे तारखेचं काम आहे. झायनचं वॉचमन, ग्रँड कॅन्यनचं मॅथर अशी अनेक कॅम्पग्राउंड रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर सहा महिने आधी खुली होतात आणि उन्हाळ्याच्या जागा बघता बघता संपतात. यलोस्टोनमधली मोठी कॅम्पग्राउंड तिथली लॉजं चालवणाऱ्या कंपनीकडे असतात आणि त्यांचं बुकिंग त्याहून बरंच आधी सुरू होतं. बुकिंग करताना त्या जागेची लांबी बघा. २० फुटांच्या जागेत २५ फुटांची गाडी बसत नाही, आणि रात्री नऊ वाजता ते कळून उपयोग नसतो.

हुकअप, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी, पार्कच्या आत दुर्मिळ. यलोस्टोनमध्ये तिन्ही मिळतात ते एकच ठिकाण, फिशिंग ब्रिज. तिथे तंबूला परवानगी नाही, कारण तो अस्वलांचा पट्टा आहे. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर ट्रेलर व्हिलेजमध्ये हुकअप आहे, शेजारच्या मॅथरमध्ये नाही. माझं मत विचाराल तर दोन-तीन रात्री पार्कात, मग एक रात्र बाहेरच्या खासगी कॅम्पग्राउंडवर, अशी विभागणी बरी पडते. आत चांदणं मिळतं, बाहेर कपडे धुऊन होतात.

आणि एका दिवसात दोन पार्कं करायच्या फंदात पडू नका. यलोस्टोन १८७२ सालचं, जगातलं पहिलं नॅशनल पार्क समजलं जातं. आतला इंग्रजी आठच्या आकाराचा ग्रँड लूप रस्ताच १४२ मैलांचा आहे. वेगमर्यादा जास्तीत जास्त ताशी ४५ मैल, त्यात रस्त्याच्या मधोमध गवा (अमेरिकन बायसन) उभा राहिला की घड्याळ बंद. तीन रात्री तरी ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात उरकते. परदेशातून येणाऱ्यांनी मूळ लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा. पार्कांचा वार्षिक पास अमेरिकेतल्या रहिवाशांना ८० डॉलरला पडतो. २०२६ पासून बाहेरच्यांना तोच २५० डॉलरला झाला आहे, आणि तो नसेल तर यलोस्टोन, झायन, ग्रँड कॅन्यन अशा ११ गर्दीच्या पार्कांत सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला १०० डॉलर जादा. भारतातून आई-बाबांना बोलावून फिरवणार असाल तर हा हिशोब आधी करा. मुलांच्या कार-सीटसाठी पुढे तोंड असलेलं, पट्ट्याचं आसन गाडीत आहे ना, हे बुक करतानाच विचारा. आडव्या बाकावर कार-सीट चालत नाही.

गाडी ताब्यात घ्याल तो दिवस प्रवासाचा धरू नका. तिथला माणूस अर्ध्या तासात पन्नास खटके दाखवतो आणि रात्रीपर्यंत त्यातले पाच लक्षात राहतात. त्याचा व्हिडिओ काढा. पाण्याचा पंप, गॅसचा व्हॉल्व्ह, जनरेटर, फ्रिज कशावर चालतो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, प्रत्येक गोष्ट स्वतः एकदा चालू-बंद करून बघा. पहिला मुक्काम तासाभराच्या अंतरावर ठेवा. मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबकळत असतो, त्यामुळे उजवीकडे वळताना गाडीचं शेपूट डावीकडे फिरतं. रिकाम्या पार्किंगमध्ये चार वळणं घ्या, उलटी घ्या, आणि उलटी घेताना खाली उतरून हात दाखवायला एक माणूस कायमचा नेमा. उतारावर ब्रेक दाबत राहायचं नाही, खालचा गिअर टाकायचा.

आता ज्या विषयावर घरात कुणी बोलत नाही तो. गाडीत तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, बेसिन आणि अंघोळीच्या पाण्याची ग्रे, आणि संडासाची ब्लॅक. ब्लॅकचा व्हॉल्व्ह मुक्कामी उघडा ठेवायचा नाही. नाहीतर पाणी वाहून जातं, बाकीचं तळाशी बसून घट्ट होतं आणि मग जे काही होतं ते मी इथे लिहीत नाही. टाकी दोनतृतीयांश भरू द्या, मग डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, आधी ब्लॅक सोडा, नंतर ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. सामानात टाकाऊ हातमोज्यांची पेटी, टाकीत टाकायचं रसायन आणि पटकन विरघळणारा खास टॉयलेट पेपर हवा. पिण्याच्या पाण्याची नळी निराळी असते, दोन्ही एका खणात ठेवू नका. नळाला लावायचा, पाण्याचा दाब आवरणारा प्रेशर रेग्युलेटर आणि चाकांखालचे लेव्हलिंग ब्लॉक गाडीसोबत मिळतात का ते विचारा. गाडी तिरकी उभी राहिली तर गॅसवरचा फ्रिज नीट थंड करत नाही.

विजेचं गणित सोपं आहे. ३० अँपिअरची जोडणी म्हणजे ३,६०० वॅट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि केसांचा ड्रायर लावला की अंधार. हुकअप नसलेल्या जागी एसी आणि मायक्रोवेव्ह जनरेटरवरच चालतात, आणि पार्कात जनरेटरला दिवसाचे ठरावीक तासच मिळतात. तेव्हा फोन, कॅमेरे गाडी चालत असतानाच चार्ज करा.

स्वयंपाकघरासाठी आमची यादी प्रत्येक सहलीत छोटी होत गेली. एक छोटा कुकर, एक कढई, एक पातेलं. कुकर मात्र हवाच. यलोस्टोनमध्ये ओल्ड फेथफुलच्या आसपास ७,३०० फुटांवर पाणी ९३ अंशांना उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. फोडणीआधी छताची झडप उघडून पंखा लावा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म सगळ्या कॅम्पग्राउंडला उठवतो. भांडी स्टीलची नेलीत तर मध्ये टॉवेल घाला. पहिल्याच वळणावर आमचा खण उघडून सहा ताटं जमिनीवर आली होती, त्या आवाजाने धाकटा अर्धा तास रडत होता. जळाऊ लाकूड लांबून नेऊ नका, त्यातून झाडांची कीड पसरते. मुक्कामाजवळ विकत मिळतं.

कपड्यांत गरम थर घ्याच. जूनमध्ये झायनच्या दरीत अंग भाजतं आणि दोन दिवसांनी ब्राइसच्या आठ हजार फुटांवर रात्री पाण्याची नळी गोठू शकते, म्हणून ती झोपण्याआधी काढून ठेवा. घड्याळाचंही बघा: उन्हाळ्यात युटाहून ॲरिझोनात शिरलं की एक तास मागे, मध्ये नवाहो नेशन हा तिथल्या मूळ रहिवाशांचा प्रदेश लागला की पुन्हा पुढे. वेळ ठरवून काही बुक केलं असेल तर कुठली वेळ ते विचारून घ्या.

मुलांना निघण्याआधी दोन आकडे पाठ करून घ्या. अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर. गवा आणि एल्क या मोठ्या हरणापासून २५ यार्ड, २३ मीटर. गवा म्हशीसारखा दिसतो म्हणून मवाळ वाटतो, पण माणसापेक्षा कितीतरी जोरात धावतो. अस्वलासाठीचा स्प्रे यलोस्टोनमध्ये जवळ बाळगायला सांगतात, योसेमिटीत त्यावर बंदी आहे, आणि विमानात तो नेताच येत नाही. ज्युनिअर रेंजर या मुलांसाठीच्या उपक्रमाची पुस्तिका पहिल्याच व्हिजिटर सेंटरवर मागा. ती सोडवून, रेंजरसमोर शपथ घेऊन बिल्ला मिळतो. आमच्या पोरांनी बिल्ल्यांपायी जेवढं वाचलं तेवढं शाळेत वाचलं नसेल. लांबच्या पल्ल्यांना रेंज नसते, म्हणून नकाशे आधी उतरवून घ्या.

शेवटी, रोज सकाळी निघतानाची फेरी. ही एकाच माणसाने करायची, दोघांनी केली की दोघांनाही वाटतं दुसऱ्याने बघितलं. विजेची तार काढली, पाण्याची नळी काढली, पायरी आत, छताच्या झडपा बंद, गॅस बंद, फ्रिजच्या दाराची कडी लागली, खण लागले, चाकांखालचे ब्लॉक उचलले. मग गाडीभोवती एक चक्कर, आत येऊन डोकी मोजायची, आणि मगच किल्ली फिरवायची.