पेशंटसाठी शोधलेल्या उत्तरावर सीएमई क्रेडिट कसं घ्यावं

अमेरिकेत प्रॅक्टिस करायची तर डॉक्टरला लायसन्स रिन्यू करताना सीएमईचा (कंटिन्यूइंग मेडिकल एज्युकेशन, म्हणजे डॉक्टर झाल्यावरही चालू ठेवायचं शिक्षण) हिशेब द्यावा लागतो. आकडा राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत 50 तास, इलिनॉयमध्ये तीन वर्षांत 150, न्यू जर्सीत दोन वर्षांत 100 आणि त्यातले किमान 40 पहिल्या कॅटेगरीतले, म्हणजे मान्यताप्राप्त संस्थेने दिलेले. मुदत जवळ आली की वीकेंडच्या कॉन्फरन्स शोधा, नाहीतर रात्री जागून ऑनलाइन व्हिडिओ संपवा, अशी धावपळ सुरू होते. गंमत म्हणजे त्याच दोन वर्षांत क्लिनिकमध्ये, वॉर्डात, दोन पेशंटच्या मधल्या पाच मिनिटांत कितीतरी शोधून वाचलेलं असतं. त्या वाचनाचंही क्रेडिट मिळतं.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियमांत या प्रकाराला ‘पॉइंट ऑफ केअर लर्निंग’ म्हणतात. एका पूर्ण शोधाला पहिल्या कॅटेगरीतलं 0.5 क्रेडिट. कॅलिफोर्नियाचे 50 तास म्हणजे 50 क्रेडिट धरले तर दोन वर्षांत शंभर शोध, म्हणजे आठवड्याला साधारण एक. सगळे इथूनच मिळवा असं मी म्हणणार नाही. पण अर्धे जरी आले तरी शेवटच्या महिन्यातली झोप वाचते.

पहिलं काम, स्वतःचं लॉगिन. हॉस्पिटलने अपटूडेट किंवा डायनामेड (डॉक्टरांसाठी उपचारांची माहिती देणाऱ्या ऑनलाइन सेवा) घेतलेलं असतं, कॉम्प्युटरवरचं चिन्ह दाबलं की थेट उघडतं, म्हणून अनेकांनी स्वतःच्या नावाचं खातं काढलेलंच नसतं. अशा निनावी वापराचं क्रेडिट कुणाच्याच नावावर चढत नाही. हॉस्पिटलच्या नेटवर्कवरून एकदा खातं उघडा आणि दर वेळी त्यातूनच आत जा. अपटूडेटमध्ये हॉस्पिटलमार्फत मिळालेला प्रवेश दर 90 दिवसांनी पुन्हा पडताळावा लागतो. तो राहून गेला की घरून किंवा फोनवरून उघडत नाही.

गूगल किंवा पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर) थेट वाचलं तर हे क्रेडिट नाही, कारण मध्ये ते देणारी मान्यताप्राप्त संस्था नसते. ते वाचन दुसऱ्या कॅटेगरीत स्वतः नोंदवता येतं. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी 40 च्या वरचा भाग त्यातून भरता येतो, तेव्हा तारीख आणि विषय लिहून ठेवायला हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. अर्धं क्रेडिट पान उघडल्याबद्दल नसतं. प्रश्न काय होता, कुठे वाचलं आणि त्याचा पेशंटसाठी काय उपयोग केला, या तीन गोष्टी पूर्ण झाल्या तरच शोध पूर्ण धरतात. यातला प्रश्नच बहुतेकांचा कच्चा असतो.

समजा, 82 वर्षांच्या बाई आहेत. एट्रियल फिब्रिलेशनसाठी (एएफ, हृदयाचे अनियमित ठोके) ॲपिक्सॅबॅन हे रक्त पातळ करायचं औषध 5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू आहे. वजन 70 किलो, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) 1.1. मुलगा म्हणतो, “आईचं वय झालंय, रक्त पातळ करायचं औषध कमी करा ना.” इथे ‘एएफ, ब्लड थिनर’ एवढंच टाकून वाचत बसलात तर वीस मिनिटं जातील आणि नंतर फॉर्ममध्ये काय लिहावं ते सुचणार नाही. त्याऐवजी असं विचारा: ‘वय 80 च्या वर आहे, पण वजन आणि क्रिएटिनिन ठीक आहे, तर ॲपिक्सॅबॅनचा डोस कमी करायचा का?’ उत्तर नेमकं सापडतं. वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा जास्त. या तिन्हींपैकी दोन असतील तरच डोस 2.5 वर आणायचा. बाईंच्या बाबतीत एकच आहे. नोंद झाली: ‘डोस तोच ठेवला, मुलाला कारण सांगितलं.’ उपचार बदललाच पाहिजे असं नाही. विचारपूर्वक न बदलणं हाही उपयोगच.

हे एक वाक्य त्याच दिवशी लिहा. महिन्यांनी यादीत नुसतं विषयाचं नाव दिसतं आणि तेव्हा कोणत्या पेशंटसाठी काय पाहिलं होतं ते आठवत नाही. मग लोक प्रत्येक ओळीपुढे ‘ज्ञानात भर पडली’ छापाचं काहीतरी भरतात. ते लिहून फॉर्म पुढे सरकेलही, पण मला ते पटत नाही. नोंदीत पेशंटचं नाव, जन्मतारीख किंवा फाइल नंबर मात्र चुकूनही नको.

साठलेली क्रेडिट आपोआप सर्टिफिकेट होत नाहीत. खात्यातल्या सीएमईच्या भागात जाऊन ती ‘रिडीम’ करावी लागतात. तिथे प्रश्नांची उत्तरं भरली की सर्टिफिकेट निघतं. अपटूडेटवर न वापरलेली क्रेडिट दोन वर्षांनी बाद होतात, म्हणून दर तिमाहीला एकदा बसावं. पीडीएफ स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा, हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर नको. नोकरी बदलली की तो दरवाजा बंद होतो आणि लायसन्स देणाऱ्या बोर्डाचं ऑडिट नेमकं त्यानंतर येतं.

काही तास असे असतात की ते ठरलेल्या विषयावरच हवेत. ओपिऑइड (अफूसारखी वेदनाशामकं), पेशंट सेफ्टी असे विषय राज्य ठरवतं. डीईए (नशा आणणाऱ्या औषधांवर नियंत्रण ठेवणारी अमेरिकेची केंद्रीय संस्था) नोंदणीसाठी व्यसनमुक्तीच्या उपचारांवर एकदाच 8 तासांचं प्रशिक्षण जून 2023 पासून बंधनकारक आहे. रिन्यूअलच्या फॉर्मवरचे हे विषय आधी वेगळे काढा आणि उरलेला आकडा रोजच्या शोधांतून भरा.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू ठेवलेल्यांचा हिशेब मात्र स्वतंत्र आहे. तिथे पाच वर्षांत 30 क्रेडिट लागतात आणि कार्यक्रमाला कौन्सिलची मान्यता असावी लागते. अमेरिकेतलं अर्ध्या-अर्ध्या क्रेडिटचं सर्टिफिकेट तिथे चालेल असं गृहीत धरू नका. भारतात सुट्टीला जाणार असाल तेव्हा एखादी मान्यताप्राप्त कॉन्फरन्स गाठा.