अंधारातल्या वाटेसाठी बॅटरी कशी निवडावी

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत घालायच्या बॅटरीला सेल. इथंही तेच शब्द वापरतो, नाहीतर मीच गोंधळेन.

एका जुलैत मामांच्या गावी निघालो होतो. जांबोटीच्या पुढं फाट्यावर शेवटच्या बसमधून उतरलो, तिथून गाव दीडेक किलोमीटर आत. धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. कपाळावर नवाकोरा हेडलॅम्प होता, त्याच्या खोक्यावर हजार लुमेनचा आकडा. बटण दाबलं आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. न्यायला आलेल्या मामांच्या हातात तीन सेलची पत्र्याची बॅटरी, तिचा उजेड पिवळा, थकलेला. मामा म्हणाले, "कपाळावरनं काढ ते. गुडघ्यापाशी धर की." धरला. भिंत गेली आणि पुढच्याच पावलावर चाकोरीत साचलेलं पाणी चमकलं.

धुक्याचे थेंब उजेड मागं फेकतात. दिवा डोळ्यांशेजारीच असला की तो सगळा थेट डोळ्यांत येतो. शिवाय कपाळावरच्या उजेडात दगडाची सावली दगडामागंच लपते, त्यामुळं वाट सपाट भासते. हात खाली ठेवून बॅटरी धरली की प्रत्येक खड्ड्याला, मुळीला सावली पडते. म्हणून माझं मत असं: लांब फेकणाऱ्या बॅटरीच्या मागं लागू नका, पायापुढची सहा पावलं नीट दाखवणारी घ्या.

आधी कुठं चालणार ते ठरवा

राजहंसगडाच्या पायथ्याशी तंबू ठोकायचा असेल तर साधा हेडलॅम्प पुरतो. स्वयंपाक करताना, दोरी बांधताना दोन्ही हात मोकळे लागतात. सौंदत्तीच्या यल्लमा डोंगराला पहाटे रस्त्यानं चालत जाणाऱ्याची गरज वेगळी. त्यानं वाहनांच्या समोरून, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेनं चालावं, पाठीवर लाल दिवा लावावा आणि गाडी आली की उजेड जमिनीकडं वळवावा. कणकुंबी, चोर्ल्याकडच्या पावसाळी वाटांना मात्र दोन्ही हवेत: डोक्यावर एक, हातात एक. दोनातली एक बिघडली तर दुसरी असते, हा फायदा वेगळाच.

हेडलॅम्पचा एक गुण हातातल्या बॅटरीला नाही. जनावराच्या डोळ्यावर पडलेला उजेड आला त्याच दिशेनं परत जातो, त्यामुळं दिवा आपल्या डोळ्यांजवळ असला तरच ती चमक दिसते. गवतात दवबिंदूसारखं काही लुकलुकलं तर वाकून बघा, बहुतेक वेळा कोळी निघतो.

खोक्यावरचे आकडे

लुमेन म्हणजे एकूण उजेड. तंबूत ५ ते १० पुरे, मळलेल्या पायवाटेला ३० ते ६०, दगडगोट्यांच्या उताराला दीडशे-दोनशे. चुकलेली वाट शोधायला तेवढे तीनशेच्या पुढचे क्षणभर लागतात. म्हणून सगळ्यात मोठा आकडा न बघता सगळ्यात लहान आकडा बघा. माझी रात्र त्यावरच जाते. ज्या बॅटरीचा मंद उजेडच शंभर लुमेनचा असतो, ती मी परत ठेवतो.

अंतराच्या आकड्यालाही फसू नका. उजेड मोजायच्या एफएल-१ या प्रमाणपद्धतीत 'पल्ला' म्हणजे जिथं उजेड पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो, ते अंतर. खोक्यावर कॅंडेला, म्हणजे झोताची तीव्रता, दिली असेल तर गणित सोपं: कॅंडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, तेवढे मीटर. १०,००० कॅंडेला म्हणजे २०० मीटर. पल्ला दुप्पट करायला चौपट कॅंडेला लागतात. २०० मीटरवर चांदण्याएवढ्या उजेडात ती म्हैस की गवा हे ओळखायला तुम्हाला शुभेच्छा.

तास मोजायची पद्धतही अशीच. सुरुवातीचा उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचे तास लिहितात. जोरदार बॅटरी तापते आणि काही मिनिटांतच स्वतःहून मंद होते, पुढचे तास त्या मंद उजेडाचे. मंद ते जोरदार अशा उजेडाच्या प्रत्येक पायरीचे तास वेगवेगळे छापलेत का ते बघा.

सेल कोणते

इथं जास्त लक्ष द्या, कारण लुबाडणूक इथंच होते. हेडलॅम्पात बहुधा तीन लहान पेन्सिल सेल असतात किंवा एक १८६५० लिथियम सेल. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, एवढाच त्या नावाचा अर्थ. या मापात खरी क्षमता ३,५०० एमएएचच्या आसपास संपते. बाजारात ९,९०० लिहिलेले सेल मिळतात. तो आकडा खोटा आहे, आणि आकडा खोटा असेल तर आतलं बाकी काय खरं असेल? चांगला सेल हाताला जड लागतो, ४५ ग्रॅमच्या आसपास. पिसासारखा लागला तर ठेवून द्या.

गावात मुक्काम करणाऱ्याला पेन्सिल सेल सोयीचे, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात. चार्जिंगची बॅटरी घेतलीत तर सेल बाहेर काढता येतो का ते विचारा. आतच बंद असलेला सेल मेला की बॅटरीही गेली. काही स्वस्त बॅटऱ्या दोन्हीकडं टाईप-सी असलेल्या वायरवर चार्जच होत नाहीत. त्यांना जुन्या चपट्या यूएसबी टोकाची वायर लागते. माझी अशी एक पिशवीत मेलेली होती आणि पॉवरबँक भरलेली. वायर घरीच लावून बघा आणि तीच सोबत न्या. सुटे लिथियम सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात कधीच टाकू नका, शॉर्ट होऊन पेट घेतात.

पाण्याचं थोडक्यात: आयपीएक्स-४ म्हणजे सगळ्या बाजूंनी शिंतोडे चालतील. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्या पश्चिमेकडच्या पावसाला सातच घ्या.

दुकानात

दुकानदार नेहमी बॅटरी छताकडं मारून दाखवतो. ट्यूबलाईटखाली सगळ्याच चांगल्या दिसतात. मागच्या गोदामात जायची विनंती करा, दिवा घालवा आणि दोन मीटरवरून भिंतीवर मारा. मधे पांढरा डाग, भोवती काळं कडं, त्याबाहेर पुन्हा उजेड असं दिसलं तर चालताना ते कडं पायाशी नाचत राहील. कडा हळूहळू विरणारा उजेड हवा. मग ती जमिनीवर मारा. निळसर पांढऱ्या उजेडात तांबडी माती राखाडी दिसते, किडेही जास्त येतात, आणि हेडलॅम्प असेल तर ते थेट तोंडावर. उबदार, किंचित पिवळा उजेड घ्या: खोक्यावर उजेडाच्या रंगाचा आकडा ४,००० केल्विन किंवा कमी.

शेवटी रुमाल हाताला गुंडाळून बटण दाबून बघा. ओल्या, गारठलेल्या बोटांना ते तसंच लागणार आहे. हेडलॅम्प घालून मान झटका. पट्टा कपाळावरून सरकला तर वजन पुढं जास्त आहे. लाल दिवा असेल तर उत्तम. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड ती कमाई क्षणात घालवतो. मंद लाल उजेड बरीचशी राखतो. पण पांढऱ्यातून जाऊनच लाल लागत असेल तर काय उपयोग?

वापरताना

भातशेतीच्या कडेनं जाताना माळ्यावर राखण करणारे लोक असतात. त्यांच्याकडं उजेड मारू नका, स्वतःच्या पायांवर धरा आणि हाक द्या. जंगलपट्ट्यात अस्वलं आहेत, गवे आहेत; तिथं बॅटरीपेक्षा मोठ्यानं बोलणं उपयोगी. भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय जायचं नाहीच. रात्री झाडोऱ्यात उजेड फिरवणारा माणूस वनरक्षकाला शिकारीच वाटतो, आणि त्याची चूक नसते.

तंबूत सगळीकडं उजेड हवा असेल तर पाण्याच्या पारदर्शक बाटलीला हेडलॅम्प आतल्या बाजूला तोंड करून बांधा, कंदील तयार.

बॅटरी पिशवीत आपोआप लागून सेल संपणं हा नेहमीचा घोळ. बऱ्याच बॅटऱ्यांचं मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की त्या लागत नाहीत. काहींना बटण दाबून धरलं की कुलूप बसतं. मामांच्या पत्र्याच्या बॅटरीत यातलं काहीच नाही. ते दोन सेलांच्या मधे बसचं तिकीट घडी करून सरकवतात आणि उतरल्यावर काढतात.