जळक्या बागेतला भुसा: कोकणात खोडकिड्यांवर काम करायचं असेल तर

वणव्यानंतर लाकूड पोखरणाऱ्या किड्यांवर वाचायला घेतलं की ओक आणि पाइनच्या जंगलांवरचं साहित्य धो धो मिळतं. त्यात मेलॅनोफिला नावाचा भुंगेरा भेटतोच. मधल्या पायांच्या मुळाशी असलेल्या खळग्यांनी तो आगीची अवरक्त किरणं ओळखतो आणि धुमसत्या लाकडाकडे झेपावून तिथेच अंडी घालतो. हे वाचलं की प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला असलंच काहीतरी शोधावंसं वाटतं. पण ही गोष्ट प्रामुख्याने उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांतली. आपल्याकडे कोकणात ओक नाही, पाइन नाही आणि आगही वेगळी.

कोकणातला वणवा बहुतेक गवताचा. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं गवत वाळतं, भाजावळीची, म्हणजे शेत भाजतानाची ठिणगी उडते, कुणी विडी टाकतो आणि आग झाडांच्या बुंध्यांना चाटत पुढे जाते. ऐन, किंजळ, कुंभा यांच्या जाड सालीमुळे ही झाडं बऱ्याचदा तगतात. काजूला मात्र आग सोसत नाही. सालीखालच्या जिवंत थराचं तापमान साठ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की तो मरतो. सालीची जाडी दुप्पट असेल, तर तिथवर उष्णता पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून एकाच वणव्यात एक झाड जातं आणि शेजारचं पावसात पुन्हा पालवतं. आपल्याला हवं असतं ते या दोघांच्या मधलं झाड, एका अंगाने भाजलेलं आणि दुसऱ्या अंगाने जिवंत.

इथे मात्र ओकचं वाचन कामाला येतं. पोर्तुगालमधला बुचाचा ओक जाड सालीमुळे आगीतून वाचतो, पण ताण बसलेल्या झाडांत प्लॅटिपस सिलिंड्रस हा बारका भुंगेरा शिरतो आणि बोगद्यांत बुरशी वाढवून तिच्यावर जगतो. किड्यांची यादी तिकडून उचलू नका, प्रश्न उचला: अशक्त झालेल्या झाडात आधी कोण शिरतं आणि नंतर कोण?

पहिलं काम म्हणजे आगीची तारीख पक्की करणं. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीचे इशारे देतं. पण त्यातला व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या संवेदकाचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन. तेवढ्यात सडा, गडगा आणि दोन बागा सहज मावतात. गावात विचारून खात्री करा. मग बुंध्यावर करपल्याचा काळा डाग किती उंच चढलाय ते मोजा आणि चारही बाजूंना चाकूने सालीवर नखाएवढा छेद घ्या. आतून ओलसर फिकट दिसलं तर जिवंत, तपकिरी झालं असेल तर मेलेलं. हे न करता नुसते किडे गोळा करणारे बरेच पाहिलेत. त्यांच्याकडे डब्या भरतात, पण उत्तर मिळत नाही.

खरी मजा भुशात आहे. बुंध्याशी धागेदार, जाडसर भुसा दिसला तर लांब शिंगांच्या भुंगेऱ्यांची अळी असण्याचा संभव मोठा. टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रं, भोवती काळपट डाग आणि पिठासारखा भुसा दिसला तर बुरशी पाळणारे बारके भुंगेरे. चकाकत्या भुंगेऱ्यांचं बाहेर पडायचं भोक एका बाजूने सपाट असतं. पावसाची एक सर आली की भुसा वाहून जातो, म्हणून मिरगाआधीची फेरी चुकवू नका.

काजूत एक गोम आहे. रोठा, म्हणजे प्लोसिडेरस फेरुजिनियसची अळी, न जळलेल्या काजूतही असतो. बुंध्याशी डिंक आणि भुसा, पानं पिवळी. आंब्यातलं भिरूड, म्हणजे बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा, तेही तसंच. त्याचे भुंगेरे पावसाच्या तोंडाशी निघतात. त्यामुळे शेजारची न जळलेली बाग तितक्याच काटेकोरपणे तपासली नसेल, तर आगीला दोष देता येणार नाही. मार्गदर्शक हा मुद्दा विचारतातच आणि विचारायलाच हवा.

ओंडके पिंपात ठेवून किडे निघण्याची वाट बघणं सोपं वाटतं. पिंप काळोखं ठेवायचं आणि एका बाजूला पारदर्शक बाटली लावायची, निघालेले भुंगेरे उजेडाकडे येऊन तिच्यात सापडतात. ओंडक्यांची टोकं मेणाने बंद करा, नाहीतर लाकूड लवकर सुकतं. पण आपल्या पावसात उलटाच त्रास होतो, झाकण घट्ट असेल तर आत बुरशीच माजते. जाळीचं झाकण आणि पडवीतली हवेशीर जागा हवी.

आता माणसांचं. जळकं झाड बागायतदाराच्या लेखी जळण असतं. "काका, ही चार झाडं वर्षभर राहू द्या," म्हटलं की उत्तर येतं, "अरे, जळलंय ते, त्यात काय बघायचंय?" त्यात त्यांचं चूक नाही. रोठा लागलेला काजू ठेवला तर शेजारच्या झाडांनाही धोका असतो. म्हणून काजूचे ओंडके नेऊन पिंपात घाला आणि उभी झाडं बघायची तर ऐन-किंजळीची निवडा. ती जंगलात असतील तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या, फणसाडसारख्या अभयारण्यात तर नक्कीच. कागद हलायला वेळ लागतो आणि वणवा तुमच्या कागदासाठी थांबत नाही, तेव्हा अर्ज पावसाळ्यातच टाका.

शिक्षणाची वाट म्हणाल तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र आणि वनशास्त्र दोन्ही आहेत. प्राणिशास्त्रातून आलात तरी चालतं, फक्त झाडं ओळखायला शिकावं लागेल. किडा प्रजातीपर्यंत ओळखायचा तर पुण्यातलं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र किंवा देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतला कीटकसंग्रह यांच्याकडे वळावं लागतं. पाठवताना कुठल्या झाडातून, कुठल्या बाजूने, किती उंचीवरून निघाला हे चिठ्ठीवर लिहा. नुसतं 'रत्नागिरी, काजू' लिहिलेला नमुना मोजणीत फारसा उपयोगी पडत नाही. नोकऱ्या थोड्या आहेत, बहुतेक प्रकल्पापुरत्या. बागायतदारांना रोठ्याचा सल्ला देता येणाऱ्याला मात्र गावात काम मिळत राहतं.