ओटीपी चालत नाही? या चुका टाळा

कोड आलाच नाही, कोड टाकला तर चुकीचा दाखवतो, कोड कुणीतरी काढून घेतला. तिन्ही तक्रारी ‘ओटीपीचा घोळ’ म्हणूनच सांगितल्या जातात आणि पहिल्या दोन्हींवर एकच उपाय होतो: ‘पुन्हा पाठवा’ दाबायचं. अडचण अशी की ओटीपी, म्हणजे ‘वन टाइम पासवर्ड’, या एका नावाखाली निरनिराळ्या पद्धतींनी बनणारे कोड येतात. म्हणून आधी विचारा, हा कोड तयार कुठे झाला?

एसएमएसने येणारा कोड बँकेच्या किंवा संकेतस्थळाच्या सर्व्हरवर तयार होतो. नवा मागितला की बहुतेक ठिकाणी जुना रद्द होतो. मेसेज मात्र मागेपुढे पोहोचतात. तीनदा बटण दाबलं तर हाती आलेला कोड कोणत्या विनंतीचा हेच कळत नाही आणि काही चुकांनंतर खातं तात्पुरतं अडकू शकतं. एकदा मागा आणि मिनिट-दोन मिनिटं थांबा. मेसेजमध्ये रक्कम आणि दुकानाचं नाव असेल तर तेही वाचा.

ऑथेंटिकेटर ॲपमधला कोड ‘येत’ नाही, तो तुमच्याच फोनमध्ये तयार होतो. याला टीओटीपी, म्हणजे वेळेवर चालणारा ओटीपी, म्हणतात. २०११ च्या आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात त्याची रीत मांडली आहे. ॲपमध्ये खातं जोडताना क्यूआर कोड स्कॅन केला की फोनला एक गुप्त किल्ली मिळते. १ जानेवारी १९७० पासून, यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेनुसार, किती सेकंद उलटले ते मोजून त्याचे सहसा ३० सेकंदांचे टप्पे पाडतात. टप्प्याचा क्रमांक आणि किल्ली यांवरून आकडे निघतात. नेटवर्क लागत नाही, पण घड्याळ बरोबर लागतं. आपल्या लोकांची एक चूक इथेच होते: दुबईला उतरल्यावर टाइम झोन भारताचाच ठेवून घड्याळ हाताने दीड तास मागे घेतात. स्क्रीनवर वेळ बरोबर दिसते, पण फोनच्या हिशेबातली यूटीसी वेळ दीड तासाने चुकते आणि एकही कोड चालत नाही. सेटिंगमध्ये तारीख, वेळ आणि टाइम झोन आपोआप घ्यायला सांगा. गाडी बहुधा रुळावर येते. आधारच्या एमआधार ॲपमधला आठ अंकी टीओटीपीही याच जातीचा आहे.

बटण दाबून कोड देणारी छोटी यंत्रं असतात, त्यांना टोकन म्हणतात. काही टोकनमध्ये वेळेऐवजी मोजणी चालते. ही एचओटीपी पद्धत, आरएफसी ४२२६, २००५ सालची. उगाच बटण दाबत राहिलात तर टोकनची मोजणी पुढे जाते आणि सर्व्हर मागे राहतो. थोडा फरक सर्व्हर सांभाळून घेतो. त्यापुढे दोघांची मोजणी पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

यूपीआय पिन यातला कुठलाच नाही. तो तुम्ही ठरवता आणि पैसे देताना पुन्हा पुन्हा तोच टाकता. पैसे मिळवण्यासाठी तो कधीच लागत नाही.

आता सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. ‘एकदाच चालतो, म्हणजे सुरक्षित आहे’ असं लोक धरून चालतात. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८१ साली अशा एकदाच चालणाऱ्या पासवर्डची पद्धत मांडली तेव्हा प्रश्न होता: तारेवरून जाणारा पासवर्ड कुणी चोरून ऐकला तर? वापरून झालेला पासवर्ड त्याच्या उपयोगाचा उरत नाही. म्हणजे हे संरक्षण शिळ्या कोडपुरतंच आहे. ताजा, न वापरलेला कोड फोनवर सांगितलात किंवा खोट्या पानावर टाकलात तर चोर त्याच क्षणी खऱ्या ठिकाणी तो वापरतो. ‘एकदाच’ ही अट तिथे तुम्हाला वाचवत नाही, कारण ती एक वेळ त्याचीच ठरते. कोड सांगून बसलात तर वाट बघू नका: लगेच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार द्या.

प्रणाली लिहिणाऱ्यांनीही हे नीट घ्यावं. ३० सेकंद चालणारा आणि एकदाच चालणारा या दोन वेगळ्या अटी आहेत. एकदा स्वीकारलेला कोड त्याच ३० सेकंदांत पुन्हा स्वीकारू नये, असं आरएफसी ६२३८ स्पष्ट बजावतं. मुदत तपासून थांबलात तर काम अर्धंच झालं.

विद्यार्थ्यांसाठी एवढंच: पुस्तकात ओटीपी हीच अक्षरं ‘वन टाइम पॅड’साठीही येतात. ती संदेश सांकेतिक करण्याची पद्धत आहे. किल्ली संदेशाइतकी लांब, पूर्ण यादृच्छिक आणि पुन्हा न वापरलेली हवी. तसं असेल तर ती फोडता येत नाही, हे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी सिद्ध केलं. तो दाखला सहा आकड्यांच्या कोडला लावू नका.

फोन बदलताना मात्र घाई नको. जुना फोन पुसण्याआधी ऑथेंटिकेटरमधली खाती नव्या फोनवर न्या आणि एकदा लॉगिन करून बघा. फोन हाताशी नसेल तेव्हासाठी गूगल दहा बॅकअप कोड देतं. तेही प्रत्येकी एकदाच चालतात आणि नवा संच काढला की जुना बाद होतो. ते कागदावर लिहून घरात ठेवा, त्याच फोनच्या गॅलरीत नाही.